लांडग्याचं सुतक

मंडळी, रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकानं एकेक पात्र वठवत गोष्ट रचायचा खेळ, खेळायला बसलं की पहिल्यांदा हातात येते ती कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद. तिच्यावर बहुतेक वेळा एक रकाना असतो: संस्कृती. लांडग्याच्या कुळातला की नांगरवाला, काय ते एकदाच लिहा आणि मोकळे व्हा. माझं भांडण आहे ते या रकान्याशी.

ग्लोरांथा घ्या. ग्रेग स्टॅफर्ड यांनी हे काल्पनिक जग १९६६ पासून रचायला घेतलं. १९७८ साली त्यावरचा ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ आला आणि लोक त्यात पात्रं घेऊन उतरले. तिथले सुनचेन नावाचे लोक प्राण्यांना आपले भाऊबंद मानतात. टेलमोरी लांडग्यांचे, राथोरी अस्वलांचे. शेजारी ऑर्लांथी: नांगर, गुरं, धान्याची कोठारं आणि वादळाचा देव. वरवर वाचलं तर जंगल तिकडे, शेत इकडे. पण टेलमोरी हे सार्टर या ऑर्लांथींच्या राज्यातल्या राजघराण्याचे अंगरक्षक होते! शेतकऱ्यांचा राजा लांडग्यांच्या भरवशावर झोपायचा, आणि त्याच्याच प्रजेला मात्र टेलमोरींची धडकी भरायची. भरणारच, कारण शापामुळे आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी ते मनात असो नसो, लांडगे होतात. एंट्रुली नावाचे लोक तर मूळचे डुकराच्या कुळातले. पुढे त्यांनी शेती धरली, पण डुकरीण-देवीला सोडलं नाही. आता यांना कुठल्या रकान्यात बसवणार?

आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही. जपानच्या उत्तरेकडचे आयनू लोक अस्वलाच्या रूपात देव पाहुणा येतो असं मानत. पिल्लू घरी वाढवायचं आणि मग विधीपूर्वक मारून देवाला परत धाडायचं. हेच लोक भरडधान्यही पिकवत. पूजा अस्वलाची आणि ताटात धान्य, यात त्यांना काही विसंगत वाटलं नसावं. विसंगती आपल्याला दिसते, कारण आपण तक्ता घेऊन गेलेलो असतो.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. एका खेळाडूनं लांडगाकुळातली बाई घेतली होती, शेतकऱ्यांच्या घरात लग्न होऊन आलेली. मी गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि कुणी न घेतलेल्या पात्रांच्या तोंडून बोलणारा. सुरुवातीला मीही ढोबळच चाललो होतो: बैल तिला बिचकतात, सासू तिला मेंढवाड्याकडे फिरकू देत नाही, वगैरे. मग एका सत्रात मेंढवाड्यात शिरलेला लांडगा दिरानं भाल्यानं मारला. घरात आनंद. कातडं दारावर ताणून खिळे ठोकले. मी तिला विचारलं, तू काय करतेस?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा माझा भाऊ. मी सुतक पाळणार. पण मेंढरं माझ्या पोरांची आहेत, म्हणून दिराला दोष देणार नाही.”

बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. दिराची भूमिका करणारा चिडून म्हणाला, “अगं, तू आमच्यातली की त्यांच्यातली?” अशा पेचाचा निकाल या खेळात फाशांवर लावतात, म्हणून कुणीतरी मला विचारलं, यावर फासे कशाचे टाकायचे, निष्ठेचे की श्रद्धेचे? नियमपुस्तकात उत्तर असेलही, मी उघडलं नाही. फासे बाजूला सारले आणि सासूच्या तोंडून तिला विचारलं, “सुतक किती दिवसांचं असतं तुमच्यात? तेवढे दिवस चुलीकडचं मी बघते.”