कोड नको, आधी व्होल्टेज मोजा! मखराचे लाइट, टाकीचा सेन्सर आणि सध्या टेबलावर काय काय

नमस्कार मंडळी! ठाणे, पाचपाखाडी, आमची बंद करून घेतलेली गॅलरी. मागे येतोय तो आवाज पावसाचा आहे, पत्र्यावरचा. "माइक चांगला घ्या" असं खाली लिहू नका. माइक चांगलाच आहे, पत्रा वाईट आहे.

गणपती जवळ आले की माझ्याकडे दोन प्रश्नांची रांग लागते. एक, "सध्या टेबलावर काय चाललंय?" आणि दोन, "सर, कोड टाका ना." सर! तीन वर्षं हा चेहरा, या बांगड्या समोर दिसतायत, आणि तरी सर. असो. आज पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि त्यातच दुसऱ्याचंही देते. कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना कोड नकोच आहे. तुमचा सप्लाय बसतोय, म्हणजे लोड आला की व्होल्टेज खाली पडतंय.

(कॅमेरा टेबलाकडे)

हे टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन आहे. मशीन आत दुमडलं की वर फळी, फळीवर माझा संसार. डावीकडे एलईडीची पट्टी, मखरासाठी. मध्ये गच्चीवरच्या टाकीचा लेव्हल सेन्सर. उजवीकडे मामाचा जुना रेडिओ, पोट उघडून ठेवलेला. सोल्डरिंग कशी करायची, ब्रेडबोर्ड म्हणजे काय, व्होल्टेज म्हणजे दाब आणि करंट म्हणजे प्रवाह, हे सगळं झालंय, जुन्या व्हिडिओत आहे, पुढे चला.

पट्टीपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त रडारड तिच्यावरूनच आहे. ही डब्ल्यूएस२८१२बी, मीटरला ६० दिवे, प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा करता येतो. एका ताईंनी लिहिलंय: "लाल लावला की छान, हिरवा लावला की छान, पांढरा लावला की पट्टीच्या शेवटी पिवळट होतो आणि बोर्ड बंद-चालू होतो. कोडमध्ये काय चुकलं?"

काही नाही चुकलं. हिशोब करा. एका दिव्यात तीन रंग, प्रत्येकाला साधारण २० मिलिअँपिअर. लाल लावला तर २०. पांढरा म्हणजे तिन्ही एकदम, ६०. ६० दिवे गुणिले ६०, ३६०० मिलिअँपिअर. साडेतीन अँपिअरच्या वर! आणि तुम्ही पट्टीची लाल वायर खोचली आहे ईएसपी३२ (ज्यात आपण कोड टाकतो तो वायफायवाला छोटा बोर्ड) बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेत, आणि बोर्ड लॅपटॉपला. अहो, त्या पिनेमागचा तांब्याचा पट्टा बघा केवढासा आहे.

आता इथे या, जवळ. मल्टिमीटर डीसीवर. काळी प्रोब ग्राउंडला, लाल ५ व्होल्टला. अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला: ५.०२. आता सगळे दिवे पांढरे करते, पूर्ण ब्राइटनेस नाही, अर्धाच. अ‍ॅडॅप्टरला: ४.९७. अजून ठीक. पट्टीच्या सुरुवातीला: ४.५८. या दोन जंपर वायरींनी तेवढे खाल्ले. आता पट्टीच्या शेवटच्या दिव्याजवळ, तांब्याच्या पॅडवर, हात स्थिर, हां... ३.७१. म्हणून शेवट पिवळट. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, व्होल्टेज पडलं की आधी निळा माघार घेतो, उरतो पिवळा-लाल. दिवा स्वतःच तुम्हाला रीडिंग सांगतोय आणि तुम्ही कोड उघडून बसलाय.

उपाय: ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॅप्टर, जाड वायर, आणि पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय. सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या वायरीत ३३०-४७० ओहमचा रेझिस्टर. बोर्डाचं ग्राउंड आणि अ‍ॅडॅप्टरचं ग्राउंड एकत्र, हे विसरलात तर दिवे वेड लागल्यासारखे नाचतील. आणि ज्यांना कोडच हवाय त्यांच्यासाठी: फास्टएलईडी लायब्ररीत, म्हणजे अशा पट्ट्यांसाठीच्या तयार कोडमध्ये, करंटवर मर्यादा घालायची सोय आहे. ती एक ओळ वापरा. बाप्पाला अर्धा ब्राइटनेस पुरतो, डोळे शेवटी आपलेच दिपतात.

"ताई, माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, मग?" ही कॉमेंट मला मागच्या व्हिडिओखाली तीनदा दिसली. दादा, ते ६५ वॅट २० व्होल्टला मिळतात. चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलतात, ठरवतात, मग तो २० व्होल्ट सोडतो. तुमचा बोर्ड काहीच बोलत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्ट, फार तर ३ अँपिअर. आणि काही स्वस्त बोर्डांवर टाइप-सी सॉकेटमागे दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर टाकलेलेच नसतात, तेव्हा सी-टू-सी केबलवर तो अजिबात चालू होत नाही. बोर्ड मेला म्हणून फेकू नका, जुनी ए-टू-सी केबल लावून बघा.

आता टाकी. आमची सोसायटी जुनी, चार मजले, आम्ही सगळ्यात वर. टाकी अक्षरशः डोक्यावर, आणि सकाळी सातला प्रेशर सगळ्यात कमी आम्हालाच. आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय! नळ बंद असताना पाइपात प्रेशर असतंच. खालच्या सगळ्यांनी बादल्या लावल्यावर किती उरतं, ते खरं प्रेशर. तुम्ही लिहिता, "ताई, मोजलं, बरोबर ५ आहे." कधी मोजलंत? बोर्ड नुसता पडलेला असताना. नळ बंद असताना! वायफाय सुरू करा, रिले (बोर्डाने चालू-बंद होणारं स्विच) ओढा, दिवे लावा, आणि मग मोजा.

ईएसपी३२ वायफायवरून पाठवायला लागला की २४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअर देणारा ठेवायचा. त्यात तुम्ही चार रिलेचा बोर्ड जोडता. त्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे एकेक रिले ७१ मिलिअँपिअर, चार मिळून पावणेतीनशेच्या वर. झाला अर्धा अँपिअर पार.

आणि केबल? बारीक वायरची, २८ गेजची, २ मीटरची घ्या. मीटरला ०.२१ ओहम. करंट जातो २ मीटर, परत येतो २ मीटर, म्हणजे ४ मीटर, साधारण ०.८५ ओहम. अर्ध्या अँपिअरला ०.४२ व्होल्ट वाटेतच गेले. उरले ४.५८. बोर्डावर डायोड असेल तर त्याचे आणखी गेले. पुढे बऱ्याच बोर्डांवर ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो, त्याला ३.३ द्यायला वर १.१ ते १.३ व्होल्ट हाताशी लागतात. नाहीत. मग स्क्रीनवर येतं, "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड". ते लाल अक्षरात भांडून सांगतंय की वीज कमी पडली, आणि तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट काढून मला विचारता, कोणती लायब्ररी टाकू?

हसते आहे, पण मीही हेच केलंय. पहिल्या वर्षी बोर्ड सारखा रीसेट व्हायचा. खराब असणार म्हणून ठाण्याहून दादर, पूल चढून वेस्टर्नला, स्लो पकडून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून नवा बोर्ड. तोही रीसेट. पुढच्या शनिवारी परत तीच वारी, पावसात, तिसरा बोर्ड. तोही रीसेट! शेवटी भावाने वैतागून त्याच्या मोबाइलची केबल काढून लावली आणि बोर्ड चालू राहिला. माझी केबल कुठली होती माहितीये? चार्जिंगच्या बॅटरीबरोबर आलेली. तीन बोर्ड, दोन शनिवार, आणि गुन्हेगार टेबलावरच.

टाकीत तेच पुन्हा, मोठ्या मापात. जिन्याच्या वरच्या प्लगपासून टाकीपर्यंत १५ मीटर वायर. मी हौसेने ५ व्होल्ट सोडले. जाऊन-येऊन ३० मीटर, त्या वायरीला अडीच ओहम. ३०० मिलिअँपिअरला पाऊण व्होल्ट गायब. सेन्सर रात्री चालायचा, दिवसा मध्येच "टाकी ० टक्के". वॉचमन काका दोनदा धावत वर. मग १२ व्होल्ट पाठवले आणि टाकीजवळ एलएम२५९६, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं छोटं मॉड्यूल, लावून त्याचे ५ केले. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच वॅटला करंट कमी, करंट कमी की वायरीत नुकसान कमी. महावितरण उगाच उंच टॉवर उभारून लाखांतल्या व्होल्टने वीज नेत नाही. ... सॉरी, ते महापारेषण. कॉमेंट लिहायला घेतली असेल कोणीतरी, ठेवा खाली.

एक मात्र: एलएम२५९६ मॉड्यूल पाकिटातून काढून थेट जोडू नका. आधी १२ व्होल्ट द्या, आउटपुटला मल्टिमीटर लावा, तो पितळी स्क्रू फिरवून ५ वर आणा, मग बोर्ड. स्क्रूला बरेच फेरे लागतात, सुरुवातीला काहीच हलत नाही, फिरवत राहा. मी न बघता जोडलं. एक बोर्ड, एक बारीकसा "टिक्", आणि वेलची जळल्यासारखा वास.

सेन्सर वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक आहे, गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखा. २० सेंटिमीटरच्या आतलं त्याला नीट दिसत नाही, म्हणून पाणी भरल्यावरही वर तेवढी जागा सोडून बसवा. बाकी सोपं आहे. आणि नाही, मोटर चालू-बंद करणं मी दाखवणार नाही. २३० व्होल्ट, ओली गच्ची, शेजारी मुलं. "ताई घाबरली" असं लिहिलंय एकाने. हो, घाबरले. मोटरचं काम सोसायटीच्या वायरमनचं.

राहिला रेडिओ. लावला की "हूंऽऽ". ५० हर्ट्झची वीज, रेक्टिफायरनंतर (तो एसीचं डीसी करतो) १०० हर्ट्झ, तोच हा आवाज. गंमत बघा, मल्टिमीटर डीसीवर ८.९ दाखवतोय. बरोबर वाटतंय ना? तो सरासरी दाखवतो. आता मीटर एसीवर: १.४! म्हणजे सप्लाय सेकंदाला १०० वेळा खाली बसतोय आणि डीसीचा आकडा शांत. मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलाय. वरचं टोपण फुगलेलं दिसतंय का? इथे, नखाएवढं. हेच तुमच्या ईएसपीचं: धक्का इतका छोटा की मीटरला दिसत नाही, पण बोर्डाला बसतो. अशा वेळी बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरड लावून बघा, फरक पडला की चोर सापडला.

प्लग काढलाय, जुना कपॅसिटर काढला, नवा २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. पट्टा असलेली बाजू मायनस, उलटा लावलात तर फुटेल. सोल्डर... थांबा, वितळू दे... झालं. आता प्लग.

(रेडिओ लावते)

ऐकू येतंय? काहीच नाही ना? तेच तर! आता स्टेशन शोधते... हां, बाई बोलतेय कोणीतरी, खरखर आहे पण बोलतेय. मामाला फोन करायला हवा.

आलेऽऽ! आईला मशीन हवंय, ब्लाउजची शिलाई राहिलीये, मला टेबल रिकामं करायचंय. प्रश्न खाली लिहा, पण प्रश्नाबरोबर दोन आकडे लिहा: बोर्डाच्या पिनेवर व्होल्टेज किती, सगळं चालू नसताना आणि सगळं चालू असताना. आकडे नसलेल्या "कोड टाका"ला मी उत्तर देणार नाहीये. आणि सर नाही. ताई.