कोऱ्या चहाचा भुरका

(पहाट. पंचवटीतल्या एका जुन्या घराचं स्वयंपाकघर. गॅसवर आधण ठेवलेलं. पाण्याचा आवाज तेवढा येतोय.)

डिसेंबरची पहाट आहे. नाशिकची थंडी ज्यांनी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला, ही या दिवसांत सकाळची पहिली बातमी असते. आत्याच्या ओट्यावर आज नेहमीचं पातेलं नाही. दूध, साखर, आलं बाजूला सारलंय. समोर आहे एक चिनीमातीची किटली, छोटा वजनकाटा आणि आसामची लांब पानांची चहापत्ती.

"कुणाचं पोट बिघडलंय का गं?" आत्यानं विचारलं.

तिला तसं वाटणारच. आपल्याकडे कोरा चहा होतो तो दूध नासलं म्हणून, नाहीतर घरात कुणी आजारी आहे म्हणून. आवडीनं कुणी करत नाही.

(गंगापूर धरणाचा परिसर. द्राक्षाच्या ओळी.)

आणि हे नाशिक आहे! चव घेणं या गावाला नवं नाही. इथल्या वाइनरीत लोक पेला फिरवतात, नाक आत घालतात, घोट तोंडात घोळवतात. वाइन जिभेला तुरट लागते ती द्राक्षाच्या सालीतल्या आणि बीमधल्या टॅनिनमुळे, हे इथली कॉलेजची पोरंसुद्धा सांगतील. त्याच जातीचा तुरटपणा दिवसातून चारदा आपल्या कपात असतो, दूध-साखरेखाली दडलेला. तो एकदा उघडा करून बघायचा आणि आपल्या घरातल्या खाण्याशी त्याचं कसं जमतं ते पाहायचं, एवढ्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन आत्याच्या स्वयंपाकघरात शिरलो.

(पत्ती जवळून. काळसर पानांत सोनेरी टोकं.)

ही पत्ती दुसऱ्या बहराची, मे-जूनमध्ये खुडलेली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या, उष्ण आणि दमट जमिनीत मोठ्या पानांचं हे झाड वाढतं. तिथले सिंगफो लोक हा चहा आधीपासून पीत होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्याची माहिती मिळाली ती १८२३ मध्ये, त्यांच्याकडूनच. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. स्वतःचे मळे उभे करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते मणिराम दिवाण. सत्तावन्नच्या उठावात सामील झाले म्हणून इंग्रजांनी त्यांना १८५८ मध्ये फाशी दिलं. कपातल्या रंगाकडे बघताना हे नाव मला आठवतंच.

खुडलेलं पान आधी सुकवतात, मग वळतात. वळताना पान चुरगळतं, आतला रस हवेला लागतो आणि हिरवं पान तांबूस होत जातं. त्या वेळी दोन गोष्टी तयार होतात. थिआफ्लेविनमुळे चहाला झळाळी आणि तरतरी येते, थिआरुबिजिनमुळे गडद रंग आणि दाटपणा. आपल्या घरातली दाणेदार ममरी, म्हणजे सीटीसी, यंत्रात चिरडून, फाडून, गोळी करून बनते. तिचा अर्क झटकन उतरतो, आणि दुधात टिकायला तसाच दणकट चहा लागतो. तिला मी कमी लेखत नाही. पण बारकावे बघायचे तर अख्खं पान हवं.

(किटलीत पाणी ओतताना.)

चहा पारखणारे लोक शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती घेतात आणि सहा मिनिटं झाकून ठेवतात. तो तपासणीचा चहा, मुद्दाम कडक केलेला. प्यायला चार मिनिटं पुरेत. पत्ती उकळायची नाही, उकळतं पाणी पत्तीवर ओतायचं.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी आम्ही सोसायटीतल्या बोअरचं पाणी वापरलं. चहावर तवंग आला, कपाच्या कडेला तपकिरी रेघ धरली, रंग मळकट. जड पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांना धरतो, त्याचा हा तवंग. आत्याकडे नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. तीच पत्ती, तेवढंच माप, आणि कपात चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या लोट्याचा रंग!

(आत्या कपातला चहा बशीत ओतते. भुरका. आवाज स्पष्ट ऐकू येऊ द्या.)

हा आवाज पुन्हा ऐका.

लहानपणी "भुरका मारू नकोस, चारचौघांत बरं दिसत नाही" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण लिलावाआधी चहा पारखणारा माणूस नेमकं हेच करतो. चमचाभर चहा जोरात ओढला की तो हवेबरोबर तुषारासारखा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. चव म्हणून आपल्याला जे कळतं त्यातलं कितीतरी त्या वासातच असतं. शिवाय बशीत चहा निवतो, आणि चटका बसणाऱ्या घोटात चव कळत नाही. आमच्या आजीपासून आत्यापर्यंत सगळ्या बशीतून भुरके मारत आल्या. त्यांची पद्धत बरोबर होती.

"काय लागतं, आत्या?"

तिनं डोळे मिटले. दुसरा भुरका घेतला. "नाचणीच्या सत्त्वासारखा वास आहे बघ. मोड आणून भाजलेल्या."

मी थक्क झाले. आसामच्या चहाचं वर्णन जगभर 'माल्ट' या शब्दानं करतात, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं धान्यच की!

(ताटल्या मांडल्या जातात.)

आता खाणं. पहिली अर्थातच मिसळ, कारण रविवार होता. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, आणि त्यावर लगेच कडक कोरा चहा. नको, अजिबात नको. तिखट आणि गरम, दोन्हीला तोंडातल्या त्याच नसा जाग्या होतात, म्हणून गरम चहानं आग वाढते. तिखट पाण्यात विरघळतही नाही. मिसळीबरोबर दही येतं ते उगाच नाही. मिसळीवर दुधाचाच चहा घ्या. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन तिखटालाही आवरतं आणि चहाच्या तुरटपणालाही.

बेदाण्यांवर माझा फार भरवसा होता, द्राक्षांचा जिल्हा म्हणून. जमलं नाही. गोड बेदाण्यावर चहा नुसता कडू लागला. चिवडा छान लागला, तळलेलं खोबरं आलं की प्रत्येक घोट मऊ होत होता.

पण खरी जोडी जमली थालीपिठाची.

(तवा. थालीपिठाच्या भोकांत तेल सोडताना. कडा खरपूस होताना.)

भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धणे वेगवेगळे भाजून दळलेले असतात. चहातला भाजक्या धान्याचा वास आणि हा वास एकमेकांना ओळखतात. वर लोण्याचा गोळा. चहातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. लोणी जिभेवर पसरलं की तो कोरडेपणा बोचत नाही, आणि लोण्याचा मेणचटपणा पुढच्या घोटात धुऊन निघतो. एक घास, एक भुरका. मग पुन्हा घास. आत्यानं दुसरं थालीपीठ न विचारता तव्यावर टाकलं.

एक काळजीपोटी सांगते. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच असा चहा घेऊ नये. पालेभाजी-भाकरीतलं लोह त्यामुळे नीट अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ द्या.

(ओट्यावर विसरलेला कप. खिडकीतून ऊन.)

गप्पांच्या नादात एक कप तसाच राहिला. थंडीत तो निवला आणि गढूळ झाला, दूध घातल्यासारखा. आत्या तो मोरीत ओतायला निघाली.

"थांब, टाकू नकोस."

चहा चांगला कडक असला की निवताना त्यातलं कॅफीन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरतात आणि कप असा धूसर होतो. पारखी याला 'क्रीम' म्हणतात आणि ते दिसलं की खूश होतात. मी त्यात थोडं उकळतं पाणी घातलं. कप आमच्या डोळ्यांदेखत निवळत गेला, पुन्हा तांब्याच्या रंगाचा झाला.

आत्यानं तो माझ्या हातून घेतला आणि बशी पुढे ओढली.