घाट चढून आलेली शेवंड

(दृश्य: पहाट. जुन्या नाशकातला मासळी बाजार. बर्फ फोडण्याचा आवाज.)

नाशकाला समुद्र नाही. गोदावरी आहे, गंगापूर धरण आहे, त्यातले रोहू-कटला आहेत. पण पापलेट, सुरमई, बोंबील म्हणाल तर सगळं रात्रीतून कसारा घाट चढून येतं. त्याच टेम्पोत, खोक्याच्या तळाशी, एखाद्या दिवशी ही निघते. शेवंड. म्हणजे काटेरी लॉब्स्टर. इथं तिला रोजचं गिऱ्हाईक नाही. भाव ऐकून माणसं मोबाइल काढतात, एक फोटो घेतात आणि अर्धा किलो बोंबील घेऊन घरी जातात.

खेकड्याची सवय असलेला हात आधी नांग्या चुकवायला बघतो. हिला नांग्याच नाहीत. आहेत त्या मिश्या, अंगापेक्षा लांब, बुडाशी बोटाएवढ्या जाड आणि काट्यांनी भरलेल्या. शत्रू आला की त्याच परजायच्या. नाही जमलं तर शेपटी पोटाखाली झटक्यात मारायची आणि उलटं पळायचं.

(दृश्य: मिशीचं बूड, अगदी जवळून.)

इथं थांबा. मिशीच्या बुडाशी हा मऊ, रबरासारखा भाग दिसतो? तो डोळ्याखालच्या पट्टीवरून घासत जातो. अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तशी ही आवाजाची करामत. बहुतेक किडे कडक दात्यांवर कडक भाग घासून आवाज काढतात. शेवंडीची तऱ्हा वेगळी आहे, हे 2001 साली शीला पाटेक या संशोधिकेनं दाखवून दिलं. याचा उपयोग? कात टाकल्यावर शेवंडीचं नवं कवच लिबलिबीत असतं, कुणीही यावं आणि खावं अशी अवस्था. तेव्हाही तिची कर्रकर्र चालू राहते. अंगात जोर नसला तरी समोरच्याला दचकवता येतं.

घराणं जुनं आहे. पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली तो लाव्हाचा, दख्खनभर पसरलेल्या त्याच लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. शेवंडीचं कूळ त्याच्याही आधीचं. हॉटेलच्या चित्रात दिसतो तो मोठ्या नांग्यांचा लॉब्स्टर तिचा लांबचा नातेवाईक. सख्खी बहीण म्हणजे चपटी शेवंड, जिच्या मिश्या पसरून फावड्यासारख्या झाल्या. दोघी दिसायला इतक्या निराळ्या, मग नातं कळलं कशावरून? मुख्यतः पिल्लांवरून. ती दोघींची सारखीच असतात.

(दृश्य: मासळीवाल्या मावशी शेपटी उलटी करतात.)

“गाभोळीवाली हाय, भाऊ. घेऊन टाका.”

मादी ही अंडी पोटाखालच्या पिसांसारख्या पायांना चिकटवून वागवते, लाखांच्या हिशोबात. ताजी असताना नारिंगी, पिकत आली की तपकिरी. ही तपकिरी आहेत. खसखशीएवढ्या एका दाण्यावर लेन्स धरली, तर आत दोन काळे ठिपके दिसतात. डोळे आहेत ते. आणखी थोड्या दिवसांत ही अंडी फुटली असती.

इगतपुरीकडच्या ओढ्यातली खेकडीण पाहा. तिच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. जन्म एका ओढ्यात, संसारही तिथंच. शेवंडीचं बाळ जन्मतःच घर सोडतं. ते शेवंडीसारखं दिसतसुद्धा नाही: काचेच्या पानासारखं चपटं, आरपार, कोळ्यासारखे लांब पाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर त्याला निराळाच प्राणी समजून निराळं नाव दिलं गेलं. हे पान प्रवाहाबरोबर खोल समुद्रात जातं आणि पुन्हापुन्हा कात टाकत वाढतं. काही जातींना याला सहा-सात महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. मग एका कातीत त्याची छोटी, पारदर्शक शेवंड होते. ती काही खात नाही. साठवलेल्या चरबीवर पोहत किनारा गाठते. लाखांतल्या किती पोचतात? फारच थोड्या. आणि ज्या किनाऱ्याला लागतात तो आईचाच असेल असंही नाही.

म्हणून शेवंडीची मासेमारी अवघड. कोळंबीसारखी तळ्यात पैदास करून हात झटकता येत नाहीत; व्हिएतनाममध्ये पिंजऱ्यात शेवंड वाढवतात, पण पिल्लू तिथंही समुद्रातूनच धरून आणावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या किनाऱ्याला लागणाऱ्या काचेच्या पिल्लांचीच मोजणी करतात. आज किती आली यावरून तीन-चार वर्षांनी सापळ्यात किती येतील त्याचा अंदाज बांधतात. 2008 च्या सुमारास पिल्लं फार कमी आली, तेव्हा मोठ्या शेवंडी अजून मिळत होत्या, तरी मासेमारी आधीच आवरती घेतली. मला विचाराल तर शहाणपण याला म्हणतात.

आपल्याकडची गोष्ट उलटी. मुंबईसमोर ट्रॉलरला चपटी शेवंड भरपूर मिळायची. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली. 2003 मध्ये केंद्रानं निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं. मुंबई-गुजरातकडच्या या चिखलातल्या शेवंडीला 300 ग्रॅम, चपटीला 150. पण तो नियम परदेशी जाणाऱ्या मालाचा.

(दृश्य: तराजू.)

मावशींच्या काट्यावर ही 420 भरली. म्हणजे वजनात पास. गाभोळी मात्र काट्याला वेगळी दिसत नाही, तीही त्याच भावानं जाते. आम्ही त्यांना काळे ठिपके दाखवले. त्यांनी लेन्समधून बराच वेळ पाहिलं.

“डोळेच की हो,” त्या म्हणाल्या. “पण माझ्याकडं आली तवा गारच झाली होती. सोडायची ती जाळं वर घेतानाच, जिती असते तवर.”

मग त्यांनी वर बर्फाचे दोन तांबे ओतले आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला बोंबील मोजू लागल्या.