पिल्लू देताना

मित्रहो, पिल्लू घरी आणताना काय तयारी हवी, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज पिल्लू देणाऱ्याबद्दल बोलायचं आहे. कुत्री तुमच्याच घरी व्यालेली असो, की आईविना सापडलेली पिल्लं तुम्ही उचलून आणलेली असोत, ती कुणाच्या दारात जाणार हे तुम्ही ठरवता. पिल्लाला विचारायची सोय नाही. म्हणून त्याच्या वतीनं चौकशी तुम्हालाच करावी लागते.

आपल्याकडून पहिली चूक होते ती घाईची. पिल्लू खायला लागलं की आता त्याला आई नको, असं आपण धरून चालतो. पण दूध सुटलं म्हणून आई सुटत नाही. खेळता खेळता भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ मोडतो. असं शंभरदा झालं की दात किती लावायचे ते पिल्लाला कळतं. निदान ८ आठवडे त्याला आईपाशी आणि भावंडांत राहू द्या. मात्र त्या दिवसांत नुसतं सांभाळून भागत नाही. स्कॉट आणि फुलर यांचं कुत्र्यांच्या वर्तनावरचं संशोधन १९६५ साली पुस्तकरूपानं आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे निम्मा काळ तुमच्याच घरात जातो. माणसांचे हात, भांड्यांचा आवाज, लहान मुलांचा गलका, हे सगळं त्याला तुमच्याकडेच हळूहळू कळायला हवं. जंताचं औषध आणि पहिली लस तर द्यायचीच. पुढच्या लसींच्या तारखा लिहून द्यायच्या.

आता घेणाऱ्यांकडे येऊ. ‘कुत्रं आवडतं का?’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. दिवसा घरी कोण असतं? भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का? घरात कुणाला कुत्रं नको आहे का? मुलांसाठी हवं, असं कुणी म्हणालं तर थोडं थांबा. कुत्रं १०-१५ वर्षं जगतं. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर त्याला फिरवणार कोण?

पण चौकशी म्हणजे उलटतपासणी नव्हे. एका खोलीत एकट्या राहणाऱ्या एका बाईंना मी एकदा नकार दिला आणि ते पिल्लू मोठं अंगण असलेल्या घरी दिलं. सहा महिन्यांनी गेलो, तर ते त्याच अंगणाच्या कोपऱ्यात साखळीला बांधलेलं. दिवसभर बांधलेलं असायचं. मी अंगण मोजलं होतं, माणसं पाहिलीच नव्हती. ती गोष्ट अजून सलते.

पिल्लाचे दोषही लपवू नका. एखादं बुजरं असेल, एखाद्याचं पोट वारंवार बिघडत असेल, तर ते आधीच सांगा. घेणारा मागे फिरला तरी चालेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ‘जमलं नाही तर कधीही माझ्याकडे परत आणा,’ हे लिहून द्या. लोकांना परत करायची लाज वाटते. त्या लाजेपायी कुत्री कुणाच्याही हवाली होतात, नाहीतर रस्त्यावर सोडली जातात. म्हणून फोन आपण करायचा. तिसऱ्या दिवशी, महिन्यानं आणि सहाव्या-सातव्या महिन्यात तर नक्कीच. तेव्हा गोंडसपणा सरलेला असतो, चपला कुरतडून झालेल्या असतात, साखळीला हिसके बसू लागतात. तुमच्या दोन शब्दांची गरज त्यांना तेव्हाच असते.

परत येणाऱ्या पिल्लाला ठेवायला तुमच्याकडे जागा नसेल, तर पुढचं वेत होऊ देण्याचा हक्क तुम्हाला नाही, असं मी स्पष्ट म्हणतो. शेवटचं पिल्लू दाराबाहेर पडण्याआधी त्याच्या आईच्या नसबंदीची तारीख डॉक्टरांकडे ठरलेली असू द्या.