या वयात किरणोपचार, आणि हृदयाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजी माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा त्यांचा नसतोच. तो बरोबर आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा असतो. "डॉक्टर, आता या वयात रेडिएशन झेपेल का? हृदयाला त्रास होतो म्हणतात." आजी मांडीवरची कागदांची पिशवी घट्ट धरून गप्प बसलेल्या असतात.

प्रश्न रास्त आहे. आणि त्याला "घ्या" किंवा "नका घेऊ" असं एका दमात उत्तर देणाऱ्याने त्या पिशवीतले कागद नीट वाचलेले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी किरण हृदयापर्यंत पोचतात कसे, ते बघू. गाठ काढून टाकली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी स्तनात उरलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी किरणोपचार. कुणी याला लाइट घेणं म्हणतं, कुणी शेक घेणं. शेक म्हटलं तरी ऊब लागत नाही, मशीन चालू असताना काही जाणवतसुद्धा नाही. किरण छातीवर तिरके येतात, स्तन आणि त्यामागच्या बरगड्यांना स्पर्शून पलीकडे जातात. हृदय छातीत थोडं डावीकडे कललेलं असतं आणि त्याची पुढची कड बरगड्यांच्या अगदी मागे असते. म्हणून डाव्या स्तनाला किरण देताना ही कड वाटेत येऊ शकते. उजव्या बाजूला ही अडचण बरीच कमी. आणि नेमकी त्याच कडेवरून, पुढच्या बाजूने, हृदयाची एक मोठी धमनी खाली उतरते. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा पुढचा मोठा भाग तिच्यावर जगतो.

किरणांनी रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं. तिथे दाह होतो, भिंत कडक होत जाते, चरबी साचायला जागा मिळते. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्याही कमी होतात आणि स्नायू ताठर होतो. असं हृदय आकुंचन नीट पावतं, पण पुन्हा सैल होताना अडतं. त्यातून धाप लागते.

हे किती जणींना होतं? या विषयातला सर्वात महत्त्वाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात किरणोपचार घेतलेल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. हृदयाला सरासरी जितके ग्रे मिळाले, त्यातल्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. याच्या खाली डोस असेल तर धोका अजिबात नाही, अशी सीमारेषा सापडली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली होती आणि वीस वर्षं उलटल्यावरही थांबली नव्हती. "परिणाम वीस वर्षांनी होणार, तोवर मी कुठे असणार" असं काही आजी हसत म्हणतात. त्यांच्यासाठी ही पहिली पाच वर्षं फार मोलाची आहेत.

आता हे ७.४ टक्के कशाचे, ते समजून घ्या, कारण इथेच माणसं घाबरतात. ते शंभर टक्क्यांतले नव्हेत, त्या बाईच्या मुळातल्या धोक्याचे आहेत. समजा, शंभर धडधाकट स्त्रियांपैकी दोघींना पुढच्या काळात हृदयविकार होणारच होता. हृदयाला दोन ग्रे डोस गेला, तर तो आकडा दोनवरून साधारण २.३ वर जाईल. पण शंभरजणी अशा घेतल्या की ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आधी एकदा छातीत दुखून गेलंय आणि ज्यांच्यापैकी दहाजणींना त्रास होणारच होता, तर त्याच दोन ग्रेमुळे दहाचे साडेअकरा होतील. डोस तोच, मशीन तेच, पण भार पाचपट. वय वाढतं तसा मुळातला धोका वाढतो, म्हणून आजींच्या बाबतीत हृदयाचा विचार आधी करायचा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या अभ्यासातल्या स्त्रियांच्या हृदयाला सरासरी पाच ग्रेच्या आसपास डोस मिळाला होता, जुन्या तंत्राने. आज नीट आखणी केली तर डाव्या बाजूलाही तो बऱ्याच जणींमध्ये एक-दोन ग्रेपर्यंत खाली आणता येतो. आणि अमेरिकेत १९८६ ते १९९३ मध्ये रोगनिदान झालेल्या, ६६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात किरण डावीकडे घेतलेल्या आणि उजवीकडे घेतलेल्या स्त्रियांमध्ये हृदयासाठी दवाखान्यात भरती होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा "रेडिएशन घेतलं की हार्ट गेलंच" ही जी कुजबुज चालते, ती मनातून काढून टाका.

आणि तरीही प्रत्येक आजींना किरणांची गरज असतेच असं नाही. माझ्या मते घरच्यांनी सर्वात आधी विचारायला हवं ते हेच. प्राइम टू नावाच्या चाचणीत ६५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या १,३२६ स्त्रिया होत्या. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंतची, काखेत रोग पसरलेला नाही, आणि हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळीला दाद देणारा कर्करोग. सगळ्यांना गोळी दिली, निम्म्यांना किरणही दिले. दहा वर्षांनी त्याच स्तनात रोग उलटण्याचं प्रमाण किरण न घेतलेल्यांत ९.५ टक्के होतं, घेतलेल्यांत ०.९ टक्के. मात्र दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं होतं, ८१ टक्क्यांच्या आसपास. अशा कमी धोक्याच्या रोगात, हृदय आधीच थकलेलं असेल तर किरण टाळणं हा निष्काळजीपणा ठरत नाही. पण मग गोळी पाच वर्षं न चुकता घ्यायला हवी. सांधे दुखतात म्हणून सहा महिन्यांत गोळी बंद करणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत. किरणही नाहीत आणि गोळीही नाही, हे मात्र चालत नाही. गोळी सोसतच नसेल, तर थोड्या दिवसांचे किरण त्यांना कितीतरी सुसह्य ठरू शकतात. पूर्वी पाच आठवडे यावं लागे, आता बहुतेकांचं तीन आठवड्यांत होतं आणि काहींचं पाच दिवसांत.

आणि काखेत रोग पसरलेला असेल, गाठ मोठी किंवा उग्र असेल, तर हिशेब उलटतो. तिथे किरणांचा फायदा मोठा असतो आणि हृदयाच्या भीतीने तो सोडून देणं हीच जास्त धोक्याची गोष्ट. वय ७४ आहे एवढ्यावरून कुणी नाही म्हणू नये.

किरण घ्यायचे ठरले, तर हृदय वाचवायचं कसं? याचं सर्वात सुंदर साधन श्वास आहे. आखणीसाठी सीटी स्कॅन काढतो, तेव्हा एकदा साध्या श्वासावर आणि एकदा खोल श्वास रोखून चित्र घेतो. दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवले की मला आजही थांबून बघावंसं वाटतं. डावीकडच्या चित्रात हृदय बरगडीला चिकटलेलं, किरणांची सीमा दाखवणारी रेघ त्याची फाक कापून जाणारी. उजवीकडच्या चित्रात फुप्फुस फुगलेलं, हृदय खाली आणि मागे सरकलेलं, आणि मध्ये काळ्या हवेची पट्टी. रेघ आता हृदयाला शिवत नाही. एवढं सगळं एका भरलेल्या श्वासाने.

एका आजींना पहिल्या दिवशी नऊ सेकंदही श्वास धरता आला नव्हता. आम्हाला वीसच्या आसपास हवे होते. त्यांनी घरी खुर्चीत बसून सराव केला, नातीने मोठ्याने आकडे मोजले. आठवड्याने आल्या आणि टेबलावर आडव्या होताच म्हणाल्या, "बावीस होतात, डॉक्टर. तुम्ही मोजा." मी मोजले. बावीस.

दमा असेल, कानांना कमी ऐकू येत असेल, तर हे जमत नाही कधीकधी. मग पालथं झोपवून, किरणांच्या वाटेत धातूच्या पात्या सरकवून, किंवा गाठ होती तेवढ्याच भागाला किरण देऊन मार्ग काढता येतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "माझ्या हृदयाला सरासरी किती ग्रे जाणार आहेत?" हा आकडा आखणीच्या कागदावर असतोच. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. पेसमेकर बसवलेला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. केमोथेरपीतलं लाल रंगाचं औषध किंवा स्तनाच्या काही कर्करोगांत देतात ते ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही, कारण दोन्हींचा हृदयावर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून बघावं लागतं.

तंबाखूचं तेवढं सांगते. आधुनिक किरणोपचारांमुळे हृदयविकाराने मृत्यू होण्याचा अंदाजे धोका धूम्रपान न करणाऱ्यांत ०.३ टक्के आणि करत राहणाऱ्यांत साधारण १ टक्का, असं २०१७ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. किरणांमुळे पुढे होऊ शकणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर फरक ०.३ आणि ४ टक्के असा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं हा या उपचाराचाच भाग समजा.

उपचार संपल्यानंतरची एक गोष्ट मला फार छळते. दोन-तीन वर्षांनी आजींना जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, जबडा किंवा पाठ दुखते, उशी उंच घेतल्याशिवाय झोप येत नाही. आणि घरात सगळे म्हणतात, "आता या वयात एवढं होणारच." आजी स्वतःही तेच म्हणतात. तेव्हा तपासणी करून घ्या. आणि जिथे दाखवाल, तिथल्या डॉक्टरांना विचारण्याची वाट न बघता सांगा की छातीला किरण घेतलेत. त्यांना ते ठाऊक नसतं, आणि अंगावर खूण म्हणाल तर गोंदणाचे दोन-तीन बारीक ठिपके, एवढीच उरलेली असते.

एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: कोणत्या बाजूला किरण घेतले, कोणत्या वर्षी, एकूण किती ग्रे, आणि हृदयाला सरासरी किती. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, आणि दुसरी प्रत आजींच्या पर्समध्ये.

नमस्कार.