सकाळचा माल, दुपारचा माल

(दृश्य : पावसाळी सकाळ. तासगावजवळची एक पॅकिंग शेड. टेबलावर ओतलेला हिरवट बेदाणा, त्यातून फिरणारे हात.)

बेदाण्याची पारख करणारा माणूस मूठभर माल तळहातावर घेतो, मूठ मिटतो आणि पुन्हा उघडतो. दाणे सुटे होऊन घरंगळले तर माल कोरडा आहे; ते एकमेकांना धरून राहिले तर पुढचे बोलणे भावाचे न राहता घासाघीस होते. सांगली जिल्ह्याच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारातली ही मुठीची परीक्षा काही सुटली नाही.

आजच्या चित्रफितीत एक लहान कारखाना दिसेल. तो आम्ही उदाहरणासाठी उभा केला आहे, म्हणून त्याला नाव नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रॅकवर वाळलेला बेदाणा पंधरा किलोच्या पेट्यांत भरून कोल्ड स्टोअरेजला जातो आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत मागणी वाढेल तसा बाहेर निघतो. हा कारखाना त्या पेट्या उघडतो, माल निवडतो आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरून व्यापाऱ्यांना पाठवतो. जुलैच्या अखेरीस व्यापाऱ्यांचे फोन येऊ लागले : पाकिटात बेदाण्याचे गोळे झाले आहेत, माल हाताला चिकट लागतो आहे, परत घ्या.

पहिली बैठक पंधरा मिनिटांत आटोपली आणि तेवढ्या वेळात तीन उपाय ठरले. पाकिटांचा पुरवठादार बदलायचा, निवडणाऱ्या बायकांना हातमोजे सक्तीचे करायचे आणि पुढच्या हंगामात माल आणखी चार दिवस वाळवायचा. तिन्ही उपाय ऐकायला समंजस होते आणि तिन्हींना पैसे लागणार होते. परंतु बिघाड नेमका कशात आहे, हे त्या खोलीतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. उपाय सुचणे आणि कारण सापडणे या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी माणसांकडूनच अधिक होते, कारण त्यांच्याजवळ जुने उपाय तयार असतात.

(दृश्य : व्यवस्थापकाचे टेबल. वहीचे कोरे पान.)

व्यवस्थापकाने दुसऱ्या दिवशी वहीत पहिले वाक्य लिहिले : "मालाची क्वालिटी घसरली आहे." हे वाक्य खोटे नाही, पण त्याला धरून कोणत्याही दिशेने जाता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याने ते खोडले आणि तक्रारींची फाइल काढली. काडी निघाली, वजन कमी भरले, पेटी दबली अशा किरकोळ तक्रारी वेगळ्या काढल्यावर उरलेला मोठा ढीग एकाच प्रकारचा निघाला. मग नवे वाक्य आले : "१० जुलैनंतर भरलेल्या अर्ध्या किलोच्या पाकिटांत, भरल्यापासून आठवड्याच्या आत बेदाण्याचे गोळे होतात, अशा चौदा तक्रारी आहेत." या वाक्यात कोणाचाही दोष नाही आणि कोणताही उपाय नाही. सवय नसलेल्या माणसाला ते कोरडे वाटेल, पण त्यातला प्रत्येक शब्द रजिस्टर उघडून तपासता येतो.

यापुढची पायरी आमच्या मते सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. चार्ल्स केपनर आणि बेंजामिन ट्रेगो हे दोन अमेरिकी संशोधक १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत काम करत होते. माणसे निर्णय घेताना हाताशी असलेली माहिती कशी वापरतात किंवा वापरत नाहीत, याचे निरीक्षण करून त्यांनी एक पद्धत बांधली आणि १९५८ साली त्याच कामासाठी स्वतःची संस्था काढली. त्या पद्धतीचा गाभा एका साध्या तक्त्यात मावतो. बिघाड काय आहे, कुठे आहे, कधी आहे आणि किती आहे, हे एका रकान्यात लिहायचे. आणि तो जिथे असायला हरकत नव्हती पण नाही, ते त्याच्या शेजारच्या रकान्यात. बिघडलेला माल सगळेच पाहतात. चांगल्या मालाकडे, तो चांगला का राहिला या नजरेने, सहसा कोणी पाहत नाही.

(दृश्य : वहीचे पान जवळून. मधोमध पट्टीने ओढलेली रेघ, डावीकडे "आहे", उजवीकडे "नाही".)

डावीकडे लिहिले गेले : जुलैचा माल. उजवीकडे : मार्च-एप्रिलमध्ये शेडवरून थेट आलेला माल, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातलाही नाही. डावीकडे : उघडून निवडलेली पाकिटे. उजवीकडे : न उघडता तशाच विकलेल्या पंधरा किलोच्या पेट्या. बॅच क्रमांकावरून भरण्याची वेळ कळत होती, म्हणून तीही मांडली, आणि इथे व्यवस्थापकाचा हात थांबला. चौदापैकी अकरा तक्रारी सकाळच्या पाळीच्या होत्या.

आता आधीच्या तीन उपायांना दोन्ही रकान्यांची कसोटी लावता येते. पाकीट सदोष असते तर त्याच रिळातून दुपारी भरलेला माल बहुतांशी चांगला कसा राहिला? हाताच्या घामाने गोळे होत असतील, तर दोन्ही पाळ्यांत त्याच बायका आहेत आणि घाम दुपारी अधिक येतो. वाळवण कमी पडली असेल, तर त्याच लॉटच्या न उघडलेल्या पेट्या कोरड्या का? डाव्या रकान्याचा खुलासा करणारी कारणे पुष्कळ मिळतात; उजव्या रकान्यापाशी ती अडखळतात.

व्यवस्थापक वही मिटून सकाळी आठला शेडवर जाऊन उभा राहिला. निवड करणाऱ्यांतल्या सर्वांत जुन्या बाईंना त्याने विचारले, "मावशी, सकाळच्या आणि दुपारच्या मालात काही फरक वाटतो का?" मावशींनी मान वर न करताच सांगितले, "वाटतोय की. सकाळचा माल हाताला गार लागतोय, आन् जरा वेळानं वलसर. दुपारचा न्हाई तसा." हे त्यांना तीन आठवडे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

(दृश्य : थंड पाण्याचा स्टीलचा पेला. बाहेरून हळूहळू जमणारे थेंब.)

कोल्ड स्टोअरेजमधून निघालेला बेदाणा शून्यापेक्षा काही अंशच वर असतो. पावसाळ्यातल्या हवेत बाष्प इतके असते की वीस अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावरही दव धरू शकते. म्हणजे थंडगार पेटी उघडून माल टेबलावर पसरला की प्रत्येक दाणा त्या पेल्यासारखा बाहेरून ओलावतो. बेदाण्यात साखर भरपूर असते. ती हे पाणी पिऊन पाझरते, आणि पाकीट बंद झाल्यावर दाणे एकमेकांना चिकटतात. न उघडलेल्या पेटीत मात्र दव बाहेरच्या पुठ्ठ्यावर आणि आतल्या प्लास्टिकवर धरते, दाण्यापर्यंत पोहोचत नाही.

कारण पटले, तरी ते तपासायचे राहिले होते. एकाच लॉटच्या दोन पेट्या घेतल्या. एक आल्या आल्या उघडून भरली, दुसरी रात्रभर बंद ठेवून सकाळी भरली. टेबल, हात आणि पाकिटे तीच. आठवड्याने पाकिटे कापली तेव्हा पहिल्या पेटीचा माल मुठीत गोळा होत होता आणि दुसरीचा सुटा पडत होता.

परंतु गेल्या पावसाळ्यात हे का झाले नाही? टोयोटा या जपानी मोटार कंपनीत तिथले अभियंते ताईइची ओनो यांनी रुजवलेली पद्धत अशी की, एका उत्तरावर न थांबता पुन्हा "का?" असे विचारायचे, साधारण पाच वेळा. पाच हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही, आणि ही प्रश्नावली एखाद्या कामगाराच्या नावापाशी येऊन थांबली तर ती फुकट गेली असे समजावे. इथे ती वेगळीकडे गेली. थंड माल का उघडला? कारण टेम्पो साडेसातला येतो आणि काम आठला सुरू होते. टेम्पो सकाळी का येतो? पूर्वी तो संध्याकाळी येत असे आणि माल रात्रभर तसाच पडून राही. जूनमध्ये हिशेबनीसांनी एक फेरी वाचवली, आता तोच टेम्पो संध्याकाळी तयार माल सांगलीला टाकतो आणि सकाळी परतताना पेट्या घेऊन येतो. शेडवर कोणी का सांगितले नाही? कारण टेम्पोची वेळ हा भाड्याचा विषय आहे, मालाचा नाही, असा सर्वांचा समज होता. हिशेबनीसांनी आपले काम चोख केले होते. रात्री पेट्या पडून राहतात हा त्या कामाचाच भाग होता, पण तो कुठेही लिहिलेला नव्हता.

उपाय स्वस्त निघाला. टेम्पोची वेळ तीच ठेवली. मात्र आज आलेली पेटी उद्या उघडायची, असे ठरले. त्यासाठी एक दिवसाचा माल जास्तीचा ठेवावा लागतो आणि तेवढी जागा अडते, हे मालकांनी मोजून मान्य केले. प्रत्येक पेटीवर आल्याची तारीख आणि वेळ खडूने लिहिली जाते. गुणवत्ता-नियंत्रणातले अमेरिकी तज्ज्ञ वॉल्टर शेवार्ट यांच्यापासून चालत आलेला आणि त्यांच्याच वाटेवरचे एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० पासून जपानी उद्योजकांना शिकवलेला योजना, कृती, तपासणी, दुरुस्ती हा फेरा इथे वहीच्या एका पानावर चालतो, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच पानावर आहे.

(दृश्य : शेडचा कोपरा. एकावर एक रचलेल्या पेट्यांची थप्पी.)

उरलेल्या तीन तक्रारी दुपारच्या पाळीच्या होत्या आणि त्या अजून खोडलेल्या नाहीत. व्यवस्थापकाला थप्पीच्या पोटातल्या पेट्यांचा संशय आहे : कडेच्या पेट्यांना हवा लागते, मधल्या दुपारपर्यंत गारच राहत असतील, आणि तसे असेल तर रात्रभर ठेवूनही त्यांचा गारवा पुरता जाईल की नाही, हे पाहावे लागेल. आज त्याने मधल्या एका पेटीत आणि कडेच्या एका पेटीत थर्मामीटर खोचले आहेत. मावशी दर दोन तासांनी आकडे वाचून दाखवतात आणि तो ते रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहून घेतो.