नदीच्या अलीकडचा आयडाहो

समोर वाहते आहे ती स्नेक नदी. अलीकडचा काठ अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा, पलीकडचा शेजारच्या आयडाहो राज्याचा, आणि दोन्ही काठांवरच्या शेतांत पिकतो तो एकच पिवळा, गोडसर कांदा. ऑन्टारियो गावाजवळच्या वखारीत रचलेला हा माल बाजारात ‘आयडाहो-पूर्व ऑरेगन’ या जोडनावानेच ओळखला जातो, कारण केंद्र सरकारच्या पणन आदेशाने (शेतमालाच्या विक्रीचे नियम ठरवणाऱ्या आदेशाने) इथली मल्हूर काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि पलीकडच्या काही काउंट्या कधीच्याच एका पट्ट्यात धरल्या आहेत.

आता भिंतीवरचे घड्याळ पाहा. ते ऑरेगनची राजधानी सेलम येथील घड्याळाच्या एक तास पुढे आहे. मल्हूरचा बहुतेक भाग आयडाहोच्या वेळेवर चालतो. आयडाहोची राजधानी बॉइसी इथून जेमतेम 90 किलोमीटरवर आहे, तर स्वतःच्या राज्याची राजधानी कॅस्केड पर्वतरांगेपलीकडे 600 किलोमीटरहून दूर आहे. त्या पलीकडच्या विलमेट खोऱ्यातच राज्याची बहुतेक वस्ती असल्याने निर्णयही तिथल्याच मतांवर होतात. 2022 मध्ये बंदूक खरेदीवर परवान्याची अट घालणाऱ्या प्रस्तावाला 36 पैकी अवघ्या 6 काउंट्यांत बहुमत मिळाले, तरीही तो राज्यभरासाठी संमत ठरला.

सीमा पश्चिमेकडे सरकवून पूर्व ऑरेगन आयडाहोला जोडावा, ही ‘ग्रेटर आयडाहो’ चळवळीची मागणी अशा अनुभवातून उभी राहिली. नोव्हेंबर 2020 मध्ये युनियन आणि जेफरसन या काउंट्यांनी पहिला कौल दिला. मे 2021 मध्ये आणखी पाच काउंट्या एकाच दिवशी त्यांच्या बाजूने आल्या. मे 2023 मध्ये वॉलोवा काउंटीत ठराव केवळ 7 मतांनी तरला, आणि मे 2024 मध्ये क्रुक ही तेरावी काउंटी ठरली. मतपत्रिकेवर विलीनीकरणाचा थेट प्रश्न नव्हता. बहुतेक ठिकाणी काउंटीच्या कारभाऱ्यांनी सीमाबदलाचा विषय हाती घ्यावा, एवढेच विचारले होते. तरीही रांचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, राबणारा माणूस आपले मत टाकायला आला, याला मोल आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये आयडाहोच्या प्रतिनिधिगृहाने ऑरेगनशी बोलणी करण्याची तयारी दाखवणारा ठराव संमत केला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार अशा सीमाबदलाला दोन्ही राज्यांची विधिमंडळे आणि काँग्रेस, म्हणजे देशाची संसद, यांची संमती लागते. मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे होऊन 1820 मध्ये मेन राज्य झाले, तेही संमतीनेच. सेलमचे विधिमंडळ मात्र या कौलाला अजून प्रतिसाद देत नाही.

सीमा सरकली तर किमान वेतन घटेल, विक्रीकर लागू होईल, गांजाची परवानाधारक दुकाने बंद होतील आणि राज्याच्या कर्जाची वाटणी करावी लागेल.

मल्हूरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ठरावानुसार काउंटीच्या कारभाऱ्यांनी या विषयावर वर्षातून तीनदा बैठक घ्यायची आहे. त्या बैठकीचे हे सभागृह, आणि खिडकीबाहेर कांद्याचे ट्रक पूल ओलांडून आयडाहोकडे निघाले आहेत.